ताश-केचूच्या पाण्याला नाव नको

ऐका ना, आधी मला सगळं सांगू द्या, मधे कुणी हसायचं नाही. मी अकीमला, जिल्ह्याच्या सगळ्यात मोठ्या साहेबाला, लाकडं फोडायला लावली. खरंच! माझ्या ह्या तोंडाने म्हटलं, "ए दादा, नुसता उभा काय राहिलास, ती कुऱ्हाड घे आणि चहाच्या समोवारपुरती चार लाकडं फोडून दे." आणि त्याने फोडली. कोट काढून, बाह्या सरसावून, एका दमात अर्धी टोपली!

हसू नका म्हटलं ना. बेगायिम, तू तर मुळीच नको. त्या दिवशी आमची पाणी समिती राहते की जाते ते ठरणार होतं आणि मी अकीमला कामाला जुंपलं होतं.

तू आली होतीस ना उन्हाळ्यात आमच्याकडे? कोपऱ्यावरच्या नळाला तोंड लावून प्यायलीस आणि दात दुखले म्हणालीस, तेच पाणी. मी पाच वर्षांची असताना ते आलं. त्याआधी आई गाढवावर दुधाचे कॅन लादून नदीवर जायची, हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून पाणी काढायची. मग परदेशातले लोक आले. त्यांची अट एकच होती: आम्ही बांधून देतो, पण चालवायचं तुम्ही. समिती करा, अध्यक्ष गावाने निवडा, नियम गावाने ठरवा. तीन वर्षं राहिले, आमच्या हातचं घोडीच्या दुधाचं कुमिस पिऊन आजारी पडले, बरे झाले, गेले. मागे राहिलं ते पंपघर, टेकडीवरची टाकी, चौतीस नळ आणि नियमांची एक जाडजूड हिरवी फाईल.

त्या वर्षी आमच्या ताश-केचूसकट खोऱ्यातल्या पाच गावांना असं पाणी मिळालं. आज फक्त आमचं चालू आहे. चोन-तालाचा अध्यक्ष एका पक्षात गेला. त्याने टाकीला पक्षाचा रंग दिला, वर खासदाराचं नाव लिहिलं. दोन वर्षांत सरकार पडलं आणि नवीन आले त्यांनी तो रंग बघून पंपघरालाच कुलूप ठोकलं. किझिल-जारला निवडणुकीआधी कुणीतरी जाहीर केलं, पाणी फुकट! लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या हिवाळ्यात पंप जळला आणि दुरुस्त कोण करणार, टाळ्या घेणारा तर राजधानीत. उच-तेरेकने सगळं सरकारी खात्याला देऊन टाकलं. त्यांचा पंप शहरात दुरुस्तीला गेला तो अजून दुरुस्तच होतोय. आणि पाचव्या गावाचं कसं गेलं ते तिथल्या लोकांनाही नीट सांगता येत नाही. एक दिवस नळ उघडला, हवा आली, संपलं.

आमचं टिकलं ते बुरुल्चा एजेंमुळे, सगळ्या गावाच्या मोठ्या ताई त्या. अठरा वर्षं त्याच अध्यक्ष. आधी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायच्या, मला पण शिकवलंय, आणि अजूनही माझ्याशी बोलताना मी गृहपाठ विसरून आल्यासारख्याच बघतात. मी समितीत तीन वर्षं काम करते, म्हणजे क्लोरीन टाकायचं, वाल्व्ह बघायचे, तक्रारवही लिहायची. एजेंचा नियम माहितीये? पंपघरात कुणाचाही फोटो लावायचा नाही. तीन सरकारं आली आणि गेली, दर वेळी कुणी ना कुणी चौकटीतला फोटो काखेत मारून यायचंच. एजे चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, "लावला असता हो, पण भिंत ओली आहे. फोटो सडेल, मोठ्या माणसाचा अपमान होईल." अठरा वर्षं ती भिंत ओलीच आहे. हात लावून बघाल तर कोरडी ठणठणीत.

तर ह्या शरद ऋतूत कागद आला. परदेशी पैशातून उभ्या राहिलेल्या सगळ्या संस्थांनी नव्याने नोंदणी करायची. अर्जावर अकीमची सही हवी. महिनाअखेरपर्यंत सही नसेल तर मालमत्ता जिल्ह्याच्या पाणी मंडळाकडे जमा. म्हणजे सरळ भाषेत, आमचा पंप उच-तेरेकच्या पंपाला भेटायला जाणार.

एजे दोनदा जिल्ह्याला जाऊन आल्या. जुना अकीम म्हणाला, बघतो. बघता बघता त्याचीच बदली झाली. नवीन येऊन अकरा दिवस झाले होते, त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं, फोटो नाही, काही नाही, नुसतं नाव, उलुकमान. आता तुम्हीच सांगा, उलुकमान हे नाव ऐकून डोळ्यांपुढे कोण येतं? दाढीवाला आजोबाच ना?

शुक्रवारी निरोप आला, शनिवारी अकीम येतोय, पाणी बघायला.

सारिगुल अता म्हणजे आमच्या गावातले सगळ्यात मानाचे म्हातारे. ते काठी आपटत आले आणि म्हणाले, "मेंढा कापायचा. आणि चापान घालायचा, मानाचा मखमली झगा, सोनेरी काठाचा. अकीमच्या अंगावर चापान पडला की तो गावचा झाला."

एजे म्हणाल्या, "मेंढा ठीक आहे, पाहुणा आहे. चापान कशाला? अजून त्याने केलंय काय?"

"म्हणूनच घालायचा. करण्याआधी."

"शाळेत असताना तुम्ही पण परीक्षेआधी मास्तरांना लोणी द्यायचात म्हणे."

"आणि पास झालो," अता म्हणाले. चापान आला.

शनिवारी दुपारी आम्ही सगळे एजेंच्या अंगणात. तीसेक घरची माणसं, बायका कढईपाशी, मी हात धुवायचा तांब्या घेऊन फाटकात. पांढरी गाडी घाट उतरून आली, धुळीने माखलेली. थांबली. पुढच्या सीटवरून, चालकाच्या शेजारून, जिथे साहेब लोक बसतात तिथून, एक म्हातारे गृहस्थ उतरले. उंच पांढरी टोपी, पांढरी मिशी, पोट, हळू चाल. बघताक्षणी अकीम! आणि गाडी चालवत होता तो एक सडपातळ पोरगा, डोळ्याखाली काळं, झोप न झाल्यासारखा. तो उतरला आणि आळस देत उभा राहिला.

पुढे जे झालं ते इतकं भराभर झालं की काय सांगू. सारिगुल अता लगबगीने पुढे. म्हातारे गृहस्थ म्हणतायत, "अहो, थांबा, ऐका..." आणि आमचे अता म्हणतायत, "ऐकू, ऐकू, आधी मान घ्या!" आणि चापान खांद्यावर! बायकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्यांनी त्या पोराकडे बघितलं. पोराने अगदी जरासं डोकं हलवलं, राहू द्या म्हणून. हे मी बघितलं बरं का, पण मला वाटलं, किती लाघवी ड्रायव्हर आहे, साहेबाला लाजू नका म्हणतोय.

आणि मग तो माझ्याजवळ आला आणि विचारलं, "काही मदत करू का?" आता मला काय स्वप्न पडलं होतं? समोवार विझत आला होता. मी कुऱ्हाड दाखवली.

त्याने लाकडं फोडली. मग मी त्याला पाणी भरायला लावलं. मग म्हटलं, "नाव काय रे तुझं?" तर म्हणाला, "घरी उकु म्हणतात." मी म्हटलं, "उकु, तुझा साहेब सही करेल का रे? खरं सांग." तो म्हणाला, "तुम्हाला काय वाटतं, करावी?" मी म्हटलं, "करावी म्हणजे काय! नाही केली तर माझी आई परत गाढव शोधायला लागेल. आणि गावात आता गाढवंसुद्धा उरली नाहीत." आणि मग मी त्याला सगळं सांगितलं. चोन-तालाचा रंग, किझिल-जारच्या टाळ्या, ओली भिंत. हो, भिंतीचं पण सांगितलं! तो लाकडावर बसून ऐकत होता आणि हसत होता.

जेवायला आत बसलो. म्हातारे पाहुणे मानाच्या जागी, दाराच्या समोर, चार गाद्यांवर. उकु दारापाशी, कारण खोलीत पुरुषांमध्ये तोच सगळ्यात लहान, म्हणून चहा ओतायचं काम आपोआप त्याच्याकडे. मी हातांवर पाणी घातलं. मांस आलं. सारिगुल अतांनी कमरेचं मोठं हाड, मानाचं हाड, थाळीत ठेवून दोन्ही हातांनी पुढे केलं. "घ्या, अकीमसाहेब."

म्हाताऱ्यांनी थाळी घेतली. मांडीवर ठेवली. सुरी उचलली, खाली ठेवली.

"नाही," म्हणाले, "आता सांगून टाकतो, नाहीतर घास उतरणार नाही. मी कासिमअली. मी गाडी चालवतो. घाटात माझे गुडघे दुखतात म्हणून ह्याने मला बाजूला बसवलं आणि स्वतः चालवली. अकीम तो आहे. दारापाशी चहा ओततोय तो."

माझ्या हातातला तांब्या तिरका झाला आणि पाणी सारिगुल अतांच्या मोज्यावर. ते ओरडलेसुद्धा नाहीत. बाहेर कढईपाशी कुणाचं तरी पोर रडत होतं तेवढंच ऐकू येत होतं. अहो, अकीमला दारात बसवलं! त्याचा चापान ड्रायव्हरला! त्याचं हाड ड्रायव्हरला! आणि चापान एकदा घातला की काढून घेता येतो का? जन्मात कुणी काढून घेतलाय? मला वाटलं, गेलं पाणी. माझ्याच हाताने घालवलं.

कासिमअली अतांनी चापानच्या बंदाला हात घातला, काढायला. तर अकीम तिथूनच म्हणाला, "अता, तो काढलात तर मी घरी आईला काय तोंड दाखवू? तुम्ही माझ्या बापापेक्षा मोठे आहात."

बुरुल्चा एजेंनी हातातली वाटी खाली ठेवली. त्या म्हणाल्या, "पाहुण्यांमध्ये वयाने मोठं कोण?"

"हे कासिमअली," सारिगुल अता पुटपुटले.

"मग चुकलं कुठे? चुकून का होईना, बरोबर बसवलंय. खा, कासिमअली अता, मांस गार होतंय. आणि तू, बाळ, तुझी तेवढी सैकालने माफी मागायला हवी. तिने तुला किती लाकडं फोडायला लावली?"

"अर्धी टोपली," अकीम म्हणाला. "आणि एक बादली पाणी. नळाला जोर चांगला आहे, हे मी जाहीरपणे सांगू शकतो."

तेव्हा हसले सगळे. मी ततपप करत म्हटलं, "माफ करा, साहेब, मी तुम्हाला अरेतुरे..." तो म्हणाला, "लाकडं फोडून झाली, आता कशाला अहोजाहो?"

पण हसून सही होत नसते. जेवण झालं, चहा दुसऱ्यांदा आला आणि अकीम सरळ बसला. म्हणजे बघा, दारापाशीच, पण आता तो अकीम होता.

"सही करायचं मनात धरूनच आलोय," म्हणाला. "पण दोन गोष्टी आहेत. वसंतात निवडणूक आहे. टाकीची दुरुस्ती तुम्ही केलीत ना उन्हाळ्यात? तिचं उद्घाटन करायचं, फीत कापायची, टाकीवर पक्षाचा फलक लावायचा. वरून तसं सांगितलंय. म्हणजे मलाही दाखवता येईल की हे काम आपलं आहे, परक्यांचं नाही. मग कुणी हात लावणार नाही तुम्हाला."

खरं सांगू? मला वाटलं, लावा की! एक फलक! सारिगुल अतासुद्धा म्हणाले, "फलकच ना? लावा. टाकी काय त्याने गळणार आहे?" मागून दोघे-तिघे म्हणाले, हो हो. तिकडे सरकारी कागद, इकडे एक कापडाचा तुकडा, ह्यात विचार काय करायचा?

एजे म्हणाल्या, "नको."

"एजे, मी मदत करायलाच बघतोय," अकीम म्हणाला. आवाज शांत होता, पण कान लाल झाले होते.

"माहितीये, बाळ. पण तुझा फलक लागला की तुझ्या नंतरचा आधी फलक बघेल, मग पाणी."

"माझ्या नंतरचा पण आमच्यातलाच असेल."

तेव्हा कासिमअली अतांनी हाड खाली ठेवलं. बोटं पुसली. मला म्हणाले, "पोरी, जा, गाडीची डिकी उघड. जादा चाकाखाली काय आहे ते घेऊन ये."

मी धावत गेले. चाकाखाली कापडाच्या घड्या होत्या, ग्रीसने माखलेल्या. आणल्या, अंगणाच्या दारात पसरल्या. चार फलक! चार रंग, चार चेहरे, सगळे हसणारे, सगळ्यांच्या खाली आमच्याच जिल्ह्याचं नाव. एकाच्या नाकावर टायरचा ठसा.

"सोळा वर्षं गाडी चालवतोय," कासिमअली अता म्हणाले. "अकरा अकीम झाले. हा बारावा. ह्यातला प्रत्येक फलक मी कुठल्या ना कुठल्या टाकीवर, पुलावर, दवाखान्यावर बांधलाय. आणि काढलाय पण मीच. बांधताना शिडी धरायला दहा जण असतात, फोटो निघतात. काढताना मी एकटा, पहाटे. कापड चांगलं असतं, टाकवत नाही. चाक बदलताना गुडघ्याखाली घेतो."

अकीम त्या चार चेहऱ्यांकडे बघत बसला. मग त्याने विचारलं, "अता, माझे किती महिने?"

"चांगला निघालास तर चौदा."

"आणि वाईट?"

"वाईट टिकतात जरा जास्त."

तो हसला. मग एजेंकडे बघून म्हणाला, "मी वर काय सांगू?"

"सांग, टाकी ओली आहे," एजे म्हणाल्या. "फलक सडेल, मोठ्या माणसाचा अपमान होईल."

आणि त्याने माझ्याकडे बघितलं, गं! मी मान खाली घातली. सगळ्या गावाचं गुपित मी समोवारापाशी ओतलं होतं ना!

"ठीक आहे," तो म्हणाला. "टाकी ओली आहे. फलकाचं मी निस्तरतो. पण दुसरी गोष्ट माझ्या हातात नाही." त्याने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला, पण उघडला नाही. "वरून यादी आली आहे. परदेशात प्रशिक्षणाला जाऊन आलेले लोक अशा संस्थांचे अध्यक्ष राहू शकत नाहीत. तुमचं नाव आहे, एजे. तुमच्या नावाने अर्ज गेला तर मी सही करूनही तो परत येईल. आणि परत आला की मुदत संपलेली असेल."

एजे परदेशात गेल्या होत्या एकदाच. अठरा वर्षांपूर्वी, बारा दिवस. पंप कसा उघडायचा आणि कसा लावायचा हे शिकायला. तिथून आणलं काय, तर एक थर्मामीटर आणि सगळ्यांसाठी पेन्सिली.

मी उठून उभीच राहिले. मोठी माणसं बसलेली असताना! म्हटलं, "हे चालणार नाही! एजे नाहीत तर समिती काय कामाची? मग नकोच सही! मग घेऊन जा तुमचा पंप!"

"खाली बस, सैकाल," एजे म्हणाल्या.

"पण एजे..."

"खाली बस. वर्गात नाहीस तू."

मी बसले. एजेंनी पावाचा तुकडा मोडला, चहात बुडवला, खाल्ला. घाई नाही काही नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, राग येईल, डोळे भरतील, काहीतरी होईल म्हणून. त्यांनी नुसते मांडीवरचे पावाचे कण वेचले, एकेक.

मग म्हणाल्या, "एवढंच ना?"

अकीम म्हणाला, "मला वाईट वाटतंय, एजे."

"तू वाईट वाटून घेऊ नकोस. मी विचार करत होते. अठरा वर्षं मी येईल त्याला सांगितलं, पाण्याला कुणाचं नाव नको. आणि खोऱ्यात लोक काय म्हणतात? बुरुल्चाचं पाणी. बाजारात म्हणतात, लग्नात म्हणतात. मी ऐकते, आणि मला बरं वाटतं. म्हणजे फलक होताच की! ते चौघे निदान कापडावर होते."

सारिगुल अता खोकले. म्हणाले, "बुरुल्चा, तू वेगळी."

"प्रत्येकाला वाटतं तो वेगळा आहे, अता. हिरवी फाईल आण, सैकाल. नियम अकरा. तीस घरं हजर असतील तर अध्यक्ष तिथल्या तिथे निवडता येतो. अंगणात मोज."

मी मोजली. बत्तीस घरं होती. मेंढ्यामुळे.

एजे दारात जाऊन उभ्या राहिल्या. शाळेत प्रार्थनेला उभ्या राहायच्या तशा, हात मागे. "मी पद सोडते," म्हणाल्या, "आणि सैकालचं नाव सुचवते."

माझं? अहो, मला वाटलं दुसरी कुणी सैकाल आहे! मी म्हटलं, "मी तेवीस वर्षांची आहे!" सारिगुल अता म्हणाले, "पोर आहे ती! परवापर्यंत माझ्या जर्दाळूच्या झाडावर चढत होती! चाळिशीतली पाच माणसं आहेत गावात, त्यांच्यावरून उडी मारून..."

"वय बघून मांस वाढतात, अता," एजे म्हणाल्या. "पाणी नाही. मध्यरात्री वाल्व्ह गोठला तर टेकडीवर चढायला तुम्ही जाणार का ती?"

अतांनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली. मग अंगणाकडे बघत म्हणाले, "गेल्या जानेवारीत दोनदा चढली होती. मी खिडकीतून कंदील बघितला होता." आणि हात वर केला. मग बाहेर हात वर गेले. सगळे नाही, मी मोजले, सव्वीस. सहा जणांनी नाही केले आणि ते सहाही जण मला तोंडपाठ आहेत.

एजेंनी स्वतःच्या हाताने अर्जावर स्वतःचं नाव खोडलं आणि माझं लिहिलं. अक्षर जराही हललं नाही. अकीमने तिथेच, मांसाच्या थाळ्या बाजूला सरकवून, सही केली आणि शिक्का मारला. तीन वर्षांसाठी. कागदाच्या कोपऱ्याला चरबीचा डाग पडला, तो अजून आहे.

शेवटी कासिमअली अतांनी हात पसरले. मानाचं हाड त्यांनी खाल्लं होतं, तेव्हा आशीर्वाद द्यायचा मान त्यांचाच. कुणाला दीर्घायुष्य मागितलं नाही, ना अकीमला ना पंतप्रधानाला. एवढंच म्हणाले, "ह्या गावात जो नळ उघडेल त्याच्या हातावर पाणी पडो." सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. ओमीन, तसंच होवो.

जाताना अकीमने मला विचारलं, "भीती वाटते का?" मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "मलाही," आणि गाडी चालवायला बसला.

ती रात्र मी नुसती कूस बदलत काढली. सोमवारी पंपघराची किल्ली माझ्याकडे. सकाळी सात वाजता जाऊन बघते तर सात नंबरच्या नळावर रांग, आणि रांगेत शेवटी दोन बादल्या घेऊन बुरुल्चा एजे. लोक म्हणतायत, एजे, पुढे या, तुम्ही कुठे रांगेत. त्या जागच्या हलायला तयार नाहीत. त्यांची पाळी आली, नळ सोडला, करंगळीएवढी धार.

"अध्यक्षबाई," मला म्हणाल्या. मला! "सात नंबरला जोर नाही."

मी म्हटलं, "एजे, तुम्हाला तर माहितीच असेल, वरच्या तिसऱ्या वाल्व्हचं काय होतं ते, सांगा ना..."

"मला काही माहीत नाही. मी घर नंबर एकोणीस. माझी तक्रार नोंदवून घ्या. तोंडी नको, वहीत."

मी वही आणली. तारीख लिहिली, घर नंबर, नळ नंबर, तक्रार काय. त्या बाजूला उभ्या राहून प्रत्येक शब्द बघत होत्या. सही केली, अर्ध्या भरलेल्या बादल्या उचलल्या आणि गेल्या. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

मी टेकडीवर चढले. तिसरा वाल्व्ह उघडला, ठीक होता. चौथा उघडला, ठीक. दुपारपर्यंत मी एकेक उघडत होते आणि मनात एजेंना इतक्या शिव्या देत होते की काय सांगू. शेवटी टाकीच्या तोंडाशी जाळीत वाळू अडकलेली सापडली, उन्हाळ्यातल्या दुरुस्तीची. हाताने उपसली. कोपरापर्यंत हात बधिर झाले.

खाली आले तोवर नळावर कुणी नव्हतं. वही कट्ट्यावर, मी ठेवली होती तिथेच, वर एक दगड. उघडली. माझ्या अक्षराखाली एजेंचं अक्षर होतं, शाळेच्या वहीत गुण द्यायच्या तसं, लाल शाईत.

'पाणी आलं. पाच तास लागले.'